इस्त्री वापर शुल्क

माझ्या पाकिटात परवाच्या तारखेची एक पावती आहे. आमच्या सोसायटीच्या पावतीपुस्तकातली. मेंटेनन्स, सिंकिंग फंड, पार्किंग, क्लबहाऊस भाडं ही छापील खाती रिकामी सोडून 'इतर' या शेवटच्या ओळीवर निळ्या बॉलपेनने लिहिलंय, 'इस्त्री वापर शुल्क', आणि पुढे २० रुपये. खाली खजिनदारांची सही, अशी दाबून केलेली की पुढच्या चार पावत्यांवर उमटली असणार. मी जन्मात कधी क्लबहाऊसमध्ये इस्त्री नेलेली नाही. मी नेला होता लॅपटॉप.

झालं ते एवढंच. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. त्या दिवशी सकाळीच लाइट गेले. देखभाल-दुरुस्ती आहे, संध्याकाळपर्यंत येणार नाहीत, असा मेसेज आदल्या रात्री सगळ्यांना आला होता म्हणे. सगळ्यांत मी नव्हतो. बारा वाजता एका बिल्डरला त्याचा टॉवर ऑनलाइन फिरवून दाखवायचा होता, आणि जनरेटर आहे तो फक्त लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे आणि क्लबहाऊस यांच्यासाठी. म्हणून क्लबहाऊस.

आता धंदा सांगतो. न बांधलेले फ्लॅट बांधून झाल्यासारखे दाखवायचे, हे माझं काम. ब्रोशरमध्ये हॉलच्या फरशीवर कोवळं ऊन पडलेलं असतं ना, ते मी पाडतो. बाल्कनीतून दिसणारी खाडी, तलावात पोहणारं गोरंपान कुटुंब, गेटपाशी डोलणारी झाडं, सगळं माझ्याकडे उगवतं. महारेराच्या नंबराशेजारी बारीक अक्षरात 'कलात्मक कल्पना' असं छापलेलं असतं, त्यातला कलाकार तो मीच. उन्हाचा एकेक किरण कुठल्या खिडकीतून आत आला, कुठल्या भिंतीवर आपटला आणि सोफ्यापर्यंत पोचेतो किती उरला, हे गणित करायला दणकट ग्राफिक्स कार्ड लागतं. धडाधड गोळ्या झाडणाऱ्या गेमलाही तेच लागतं. त्याच ताकदीचं कार्ड 'व्यावसायिक' म्हणून सभ्य राखाडी लॅपटॉपमध्ये बसवलं की किंमत अशी काही होते की माणसाला बिल्डरकडेच कर्ज मागावं लागेल. म्हणून माझ्या लाइनीतले बरेच जण मुकाट्याने गेमिंगचा लॅपटॉप घेतात.

आणि मग आयुष्यभर खुलासे देत बसतात. माझ्या लॅपटॉपच्या पाठीवर एक लाल, हिंस्र चिन्ह आहे. ते लागतं. म्हणजे दिवा लागतो त्यात. कीबोर्डाखाली सात रंग सरकत असतात. हे सगळं बंद करायला कंपनीचं एक ॲप आहे, ते उघडलं की आधी स्वतःचं अपडेट मागतं, अपडेट झालं की लॅपटॉप बंद करून चालू करायला लावतं, आणि चालू झाला की रंग परत आपल्या जागी. ऐरोलीला एका क्लायंटकडे गेलो तेव्हा गेटवरच्या सिक्युरिटीने रजिस्टरमध्ये मेक आणि सीरियल नंबर लिहून घेतला, चार्जर उचलून हातात तोलला आणि विचारलं, "ये भी लैपटॉप का ही है?" लॅपटॉप अडीच किलोचा, चार्जर किलोभराचा. ठाणे-वाशी गाडीत ही बॅग पोटाशी धरून उभं राहिलं की लोक आपण होऊन जागा देतात, पण बसायला नाही, लांब सरकायला.

बरं, एवढं वजन वाहायचं तर तो बॅटरीवर तरी नीट चालावा. नाही चालत. विमानात बरोबर न्यायला विनापरवानगी १०० वॅट-अवरपर्यंतचीच बॅटरी चालते, म्हणून कंपन्या मोठ्यात मोठी बॅटरी देतात ती ९९.९ची. माझी ९०ची आहे. लॅपटॉप पूर्ण जोरात आला की ३०० वॅटच्या आसपास खेचतो. म्हणजे वीस मिनिटंसुद्धा नाही. तेवढी खेच बॅटरीला झेपत नाही, म्हणून पिन काढल्याबरोबर हे महाशय स्वतःच आवाज खाली आणतात आणि ग्राफिक्स कार्ड निम्म्याहून कमी ताकदीवर टाकतात. दीड लाखाच्या पुढे पैसे मोजून घेतलेल्या या लॅपटॉपवर माझा टॉवर बॅटरीवर असताना ढेकळं तुडवत चालल्यासारखा ठेचकाळत पुढे सरकतो. बिल्डरला असं दाखवलं तर तो म्हणणार, लिफ्ट बंद आहे का?

म्हणजे भिंत हवीच. आणि साधी भिंत नाही. या चार्जरची पिन जाडी आहे, सोळा अँपिअरची, गीझरला असते तशी. गंमत अशी की चार्जरवर लिहिलेत ३३० वॅट. भागिले २३० व्होल्ट केलं तर येतात दीडपेक्षा कमी अँपिअर, बारीक पिनेला सहज पेलतील एवढे. पण वायरचं चार्जरकडचं टोक दहा अँपिअरच्या मापाचं, आणि आपल्याकडे भिंतीत मापं दोनच, सहा आणि सोळा. सहाची दहाला पुरत नाही, म्हणून सोळाची. गणित कुठेच चुकलेलं नाही, फक्त मी गावभर जाड भोकं शोधत हिंडतो. कॅफेत बारीक. पाहुण्यांकडे जाड असतं ते बाथरूममध्ये. नौपाड्यात मावशीकडे एकदा फ्रिजची पिन काढायला हात घातला तर मावशी म्हणाली, "राजा, आत बासुंदी आहे," आणि विषय संपला.

आमच्या क्लबहाऊसमध्ये जाड पॉइंट एकच. त्यात वॉटर कूलर.

मी कूलरची पिन काढली, माझी घातली. कीबोर्ड सप्तरंगी पेटला, पंखे घोंगावले, पाठीवरचं जनावर लाल झालं. बिल्डर आला, त्याची दोन माणसं आली. मी लॉबीतून लिफ्टमधून बाराव्या मजल्यावर त्यांना नेतोय तोच मागून आवाज आला.

"कूलर कोणी बंद केला?"

खजिनदार काका. हातात स्टीलची रिकामी बाटली. काका बँकेतून निवृत्त झाले आहेत असं ते सांगतात. मला तसं वाटत नाही, फक्त बँकेला तसं वाटतं.

"काका, कॉल चालू आहे. थोडा वेळ."

"चालू द्या," असं म्हणून काकांनी शेजारी खुर्ची ओढली. बघत मात्र ते स्क्रीनकडे नव्हते, भिंतीकडे होते. "ही पिन इस्त्रीची आहे."

"लॅपटॉपची आहे."

"लॅपटॉपला बारीक असते. आमच्या सूनबाईंचा आहे ना, मोबाइलच्या चार्जरवर चालतो."

"हा जरा जास्त पॉवरचा आहे."

"किती?"

"तीनशेतीस."

"काय तीनशेतीस?"

"वॅट, काका."

काकांनी खिशातून मोबाइल काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि एकेका बटणाचा आवाज येईल असं गणित केलं. "आमच्या हॉलमधला पंखा अठ्ठावीस वॅटचा. बीएलडीसी, कमी वीज खाणारा. मी समितीला कधीपासून सांगतोय, सगळ्या जिन्यात तेच बसवा. तीनशेतीस भागिले अठ्ठावीस. अकरा पॉइंट सात आठ." मग थेट माझ्याकडे बघून, "तुम्ही बारा पंखे लावून बसलायत."

"बारा पंखे?" स्पीकरमधून बिल्डर म्हणाला. "टू बीएचकेला?"

मी म्हटलं, साहेब, तो वेगळा विषय आहे, आपण मास्टर बेडरूमकडे वळू. पण काकांना आता स्क्रीन दिसली होती. त्यांनी चष्मा डोळ्यावर घेतला.

"हा कुठला फ्लॅट?"

"खारघरचा."

"कार्पेट किती?"

हे त्यांनी मला नाही, बिल्डरला विचारलं. बिल्डरने सांगितलं. काकांनी विचारलं, बाल्कनी धरून की सोडून? बिल्डरने जरा थांबून तेही सांगितलं. मी त्यांच्या दोघांच्या मधे कर्सर हातात धरून उभा.

"हॉलचं तोंड कुठे?"

"वेस्ट. सनसेट व्ह्यू."

"मग हे घड्याळात नऊ का वाजलेत?" काकांनी स्क्रीनवर बोट टेकवलं, बोट ओलं होतं. "टेबलावर चहा, पेपर, नऊ वाजलेत. म्हणजे सकाळ. आणि ऊन पश्चिमेच्या खिडकीतून आत? सूर्य काय नाइट ड्यूटी करून परत येतोय?"

पलीकडे शांतता. आता, सकाळचं ऊन हॉलमध्ये पाहिजे, चहाचा कप पाहिजे, पेपर पाहिजे, फॅमिली फील पाहिजे, हे बिल्डरचे शब्द आहेत. माझ्याकडे व्हॉट्सॲपवर आहेत. मी तेव्हाच लिहिलं होतं की हॉल पश्चिमेला आहे. त्यावर अंगठा आला होता.

"काकांचा पॉइंट करेक्ट आहे," बिल्डर म्हणाला. "तुम्ही बघत जा ना जरा. सगळे हॉल परत करा. आणि तुमच्याकडे मिक्सर चालू आहे का? आवाज येतोय सारखा."

मिक्सर नव्हता. ग्राफिक्स कार्ड तापलं की पंखे ओरडतात, आणि घोडबंदर रोडची धूळ जाळीत बसली की आणखी वरच्या पट्टीत. आतला प्रोसेसर नव्वद-पंच्याण्णव अंशांवर काम करतो आणि कंपनीच्या मते ते नॉर्मल आहे. मे महिन्यातल्या ठाण्यात माणसाचंही साधारण तेच होतं, पण आपल्याला वॉरंटी नसते.

कॉल संपला. मी पिन काढली, कूलरची घातली, निघालो. काका पावतीपुस्तक घेऊन दारात.

"हे कशाचे?"

"जनरेटर आहे हा. डिझेलचं युनिट तिसाच्या खाली पडत नाही."

"काका, जास्तीत जास्त पाऊण तास बसलो. पूर्ण वेळ पूर्ण जोरात चालला असं धरलं तरी पाव युनिट. साडेसात रुपये."

"आणि कूलर बंद राहिला त्याचं?"

"कूलर बंद राहिला म्हणजे त्याची वीज वाचली! ती वजा करा."

काका क्षणभर थांबले. बँकेतला माणूस आहे, मुद्दा कळला त्यांना. मग म्हणाले, "ते वेगळं खातं."

मी विचारलं, ठीक आहे, पण इस्त्री का लिहिलंत? तर म्हणाले, लॅपटॉप लिहिलं की ऑडिटर विचारणार, कुठल्या ठरावाने? मग मोबाइल चार्ज करणाऱ्यांकडूनही घ्या म्हणतील, भांडणं होतील. इस्त्री, शेगडी, हीटर यांचा ठराव पास आहे, प्रत्येक वापराला वीस. "तुमच्या सोयीसाठीच लिहिलं. पिन इस्त्रीचीच आहे."

वीस रुपयांचं नाही हो. खरंच नाही. त्याच हॉलला लागून जिम आहे, तिथल्या ट्रेडमिलची मोटर माझ्या चार्जरला चार-पाच वेळा गिळेल एवढी आहे, आणि त्या दिवशी, त्याच जनरेटरवर, खजिनदारांची सूनबाई तिच्यावर चालत होती. तिला कोणी भागाकार करून दाखवला नाही. तंदुरुस्ती ही सामाजिक गोष्ट आहे. माझं काम म्हणजे अर्ध्या चड्डीतल्या माणसाने दुपारी बारा वाजता रंगीत दिवे लावून केलेला काहीतरी खेळ. घरात आई दारातून डोकावते आणि म्हणते, "खेळून झालं की जेवायला ये." शेजाऱ्यांचा मुलगा लिफ्टमध्ये विचारतो, "अंकल, फ्रेम रेट किती येतो?" आणि मी सांगितलेला आकडा ऐकून माझी कीव केल्यासारखा हसतो. मजल्यावरची सगळी पार्सलं माझ्याकडे येतात, कारण 'तुम्ही घरीच असता ना'. गॅसवाला, प्लंबर, पेस्ट कंट्रोल, शेजारच्यांची किल्ली. सकाळी ८.१४च्या गाडीला लोंबकळणारा माणूस ऑफिसात पोचून दोन तास चहा पीत बसला तरी तो नोकरदार. मी रात्री तीनपर्यंत लोकांच्या न झालेल्या बाल्कन्यांत कुंड्या ठेवत असतो, तर मी 'घरीच'. राखाडी लॅपटॉप असता तर कदाचित थोडा फरक पडला असता. वरचं चिन्ह मी एकदा काळ्या टेपने झाकून पाहिलं. तापून टेपचा गोंद वितळला आणि जनावर आता चिकट झालंय.

सगळ्या हॉलची दिशा मी पुन्हा करून दिली. चहाऐवजी संध्याकाळची भेळ ठेवली, घड्याळात सहा वाजवले. जादा कामाचे पैसे मागितले त्यावर अंगठा आला.

रविवारी सकाळी बेल वाजली. काका. हातात फाइल, मागे सेक्रेटरी. आत येऊन बसले, चहा घेतला, आईची चौकशी केली. मग फाइल उघडली. सोसायटीला नवीन गेट बांधायचंय, सर्वसाधारण सभेत दाखवायला चित्र हवं. आर्किटेक्ट फार पैसे सांगतो.

"तुमच्याकडे ते मशीन आहेच," काका म्हणाले. "तासाभराचं काम. आणि लाइट घरचेच, त्यामुळे पावतीचा प्रश्न नाही."

मी म्हटलं, काका, माझा दर असतो.

"सभासदाकडून?" सेक्रेटरी खरोखर दुखावल्या आवाजात म्हणाले.

काकांनी मधे हात केला, की आत्ता तो विषय नको. फाइलमधला मोबाइलवर काढलेला गेटचा फोटो माझ्यापुढे सरकवला आणि केबिनच्या उजवीकडे बोट ठेवलं. "इथे एक गुलमोहर टाका. बहरलेला. सभेत बरं दिसतं."

तिथे गुलमोहर होता. गेल्या पावसाळ्याआधी फांद्या छाटायच्या म्हणून माणसं बोलावली आणि बुंध्यापर्यंत छाटला. बिल खजिनदारांनीच पास केलं होतं. मी तसं बोललो.

"म्हणूनच तर म्हणतोय," काका म्हणाले. "जागा मोकळी आहे. आणि जरा मोठा टाका, माझ्या गाडीवर सावली आली पाहिजे. झेपेल ना तुमच्या बारा पंख्यांना?"