रिव्ह्यूला मालकाचं उत्तर: ती कर्जाची जाहिरात आमची नव्हती

ताई, नमस्कार. रविवारी लेकीचा वाढदिवस आमच्याकडे केलात आणि मनासारखा झाला नाही, त्याबद्दल माफी मागतो. आवाज मोठा होता हे खरं. तीच तीच गाणी फिरून लागत होती, तेही खरं. पण तुम्ही लिहिलंय, "केक कापताना कर्जाची जाहिरात वाजली. मालकाची साधं गाण्याचं ॲप विकत घ्यायची ऐपत नाही, सगळं फुकटात चालवतात." या ऐपतीवरून दोन रात्री झोप नाही. शेजारच्या भडंगवाल्यानंही ते वाचून फोन केला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ती जाहिरात आमच्या सिस्टिमवरची नव्हती. कॅमेरा बघून सांगतोय. ८ वाजून ५२ मिनिटांनी दाजी गल्ल्यापाशी आले आणि आमच्या पोराला म्हणाले, जरा ब्लूटूथ दे, वाढदिवसाचं गाणं लावतो. पोरानं नाही म्हणायला पाहिजे होतं. पण गिऱ्हाईक, त्यात लहान लेकराचा वाढदिवस, त्यानं ॲम्प्लिफायरचं बटण फिरवून दिलं. ब्लूटूथवर टाकलं की आमची गाणी गप्प होतात आणि फोनवर जे वाजेल तेच छतातल्या आठही स्पीकरमधून येतं. दाजींचं ॲप बिनपैशाचं असणार, म्हणून गाण्याआधी ती बाई बोलली, "पाच मिनिटांत कर्ज". अख्खं हॉटेल हसलं. मीही हसलो असतो, पण माझे स्वतःचे हप्ते चालू आहेत.

आमची गाणी फोनवरून येतच नाहीत, ताई. गल्ल्यामागे गणपतीच्या फोटोखाली एक काळी पेटी आहे, जेवणाच्या डब्याएवढी. रात्री शटर ओढलं की ती नेटवरून नवी यादी उतरवून घेते आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या मेमरीतून वाजवते. दिवसा नेट गेलं तरी गाणं थांबत नाही. सकाळी नाश्त्याला अभंग, दुपारी जुनी भावगीतं, रात्री सिनेमाची, असं वेळेप्रमाणे आपोआप बदलतं. हिची वर्षाची वर्गणी भरतो. शिवाय चारचौघांत गाणी वाजवायचा परवाना वेगळा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लग्नाच्या वरातीला सूट आहे, हॉटेलला नाही. त्यातही गीत-संगीताचा हक्क एकाकडे, रेकॉर्डिंगचा दुसऱ्याकडे, म्हणजे पावत्या दोन. दोन्ही फ्रेम करून लावल्यात, हात धुवायला जाताना दिसतात. तुम्ही म्हणता ते महिन्याच्या वर्गणीचं ॲप मला कितीतरी स्वस्त पडलं असतं. पण ते घरी ऐकायला असतं, अटीतच तसं लिहिलेलं असतं. ते हॉटेलात लावायचं नसतं, म्हणून लावत नाही. फुकटात चालवायचं असतं तर एवढा खटाटोप कशाला केला असता?

वडिलांच्या काळात गल्ल्यावर रेडिओ असायचा, आकाशवाणी सांगली लावलेली. मग कॅसेट आल्या, मग सीडी, मग पेन ड्राइव्ह. २०१९ च्या पुरात मारुती चौकाच्या मागे आमच्या दुकानात पाणी शिरलं तेव्हा जुना ॲम्प्लिफायर, सीडी प्लेअर, सगळं गेलं. ही पेटी त्यानंतर हप्त्यानं घेतली.

गाणी फिरून का लागत होती? राउटर आठ दिवस बंद होता, त्यामुळे पेटीला नवी यादी मिळालीच नाही. ती जुन्याच यादीवर गोल गोल फिरत राहिली. दुरुस्तीला दोनदा फोन केला होता, पण ते तुम्हाला सांगून काय उपयोग, चूक आमचीच.

"लोकांनी लवकर उठावं म्हणून धांगडधिंगा लावतात" असंही लिहिलंय. रविवारी साडेआठनंतर थोडी वेगाची गाणी लागतात, नाकारत नाही. बाहेर जिन्यात लोक उभे असतात. माझा इंजिनिअर मुलगा सांगतो, १९८६ साली रोनाल्ड मिलिमन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं एका रेस्टॉरंटात हे मोजून पाहिलं होतं. संथ संगीत असलं तर माणसं सरासरी ५६ मिनिटं बसली, वेगाचं असलं तर ४५. म्हणजे ही युक्ती सांगलीत निघालेली नाही. आणि तुमची मंडळी पावणेदोन तास बसली होती, कुणी उठा म्हणालं का? केकही बाहेरचा होता, त्याचेही पैसे लावले नाहीत. बोलायचं नव्हतं, निघालं तोंडातून.

आवाजाचं मात्र मी स्वतः शिडीवर चढून बघितलं. हे स्पीकर १०० व्होल्टच्या लाइनवर असतात, प्रत्येकाच्या मागे किती वॅट घ्यायचे त्याची वेगळी टोकं. बाकीचे सात तीन वॅटवर आहेत, तुमच्या टेबलावरचा दहावर जोडलेला निघाला. वायरमननं केव्हा केलं देव जाणे. म्हणून बाकी हॉलमध्ये ठीक आणि तुम्हालाच बोलता येईना. त्याला निरोप दिलाय, आला की करून घेतो. ब्लूटूथ यापुढे कुणालाच द्यायचं नाही असं पोरांना सांगितलंय. यादीचंही बघतो काहीतरी.

एक कबूल करतो. तासातासाला आमच्या घरगुती डब्याची घोषणा लागते, ती बायकोच्या आवाजातली आहे. तिला जाहिरात म्हणत असाल तर ती आमचीच.

"मिरज एवढी जवळ असून यांना सूर कळत नाही" हे वाक्य माझ्या आईनं वाचलं. तिचे वडील मिरजेत सतारी बनवायचे. तिला काय सांगायचं ते मला सुचलं नाही.

एक तारा दिलात, बदला असं म्हणत नाही. फक्त ती कर्जाची ओळ तेवढी दाजींना विचारून बघा. आणि लेकीची गुलाबी पाण्याची बाटली टेबलाखाली राहिली होती. धुऊन गल्ल्यावर ठेवलीय, येता-जाता घेऊन जा.