डॉक्युमेंटरी लांबवण्याची सोपी कृती

सहा भाग, पाच तास, गुन्ह्यावरची डॉक्युमेंटरी. परवा शेवटपर्यंत पाहिली. ऐवज फार तर दीड तासाचा होता. बाकीचे साडेतीन तास कुठून आणतात ते आता पाठ झालंय. तुम्हीही लागा कामाला.

सुरुवात ड्रोनने. धुकं, वळणाचा रस्ता, एकच गाडी. दर दहा मिनिटांनी तोच शॉट परत लावा, लोक त्याला वातावरणनिर्मिती म्हणतील.

मुलाखत देणारा खुर्चीत बसतो, माइक अडकवून घेतो, "सुरू झालं का?" विचारतो. खबरदार, हे कापाल तर!

दुसरा कॅमेरा त्याच्या कानाच्या बाजूने लावा. मधली वाक्यं उडवली की एका कोनात डोकं टुणकन उडी मारतं, कोन बदलला की चोरी झाकली जाते. पुढची पायरी शिवणकामाची. तिसऱ्या मिनिटातलं "मला माहीत होतं" घ्या, त्याला चाळिसाव्या मिनिटातलं "तोच होता" जोडा आणि जोडावर चुळबुळणाऱ्या बोटांचा क्लोजअप ठेवा. तरी एक अडचण उरते. वाक्य संपतं, पण सूर खाली उतरत नाही, मध्येच तोडल्यासारखा लटकत राहतो. त्यासाठीच तर खाली ते अखंड घूंऽऽऽ संगीत असतं.

भाग संपताना फोन वाजवा. पुढच्या भागात तो विमावाल्याचा निघाला तरी चालेल.

आता मुख्य पदार्थ : नाट्यरूपांतर. बूट, दरवाजाची मूठ, सांडलेला ग्लास, सगळं संथ गतीत. चेहरा दाखवायचा नाही, म्हणजे नटाचे पैसे वाचतात. कोणी नाक मुरडलं तर डॉक्युमेंटरी दिग्दर्शक एरॉल मॉरिसचं नाव पुढे करा. करतातच सगळे. पण 1988 चा 'द थिन ब्लू लाइन' पाहिलाय का यांनी? तिथे पोलिसाच्या खुनाचा प्रसंग पुन्हापुन्हा उभा राहतो तो साक्षीदारांच्या जबान्या एकमेकींशी जुळत नाहीत म्हणून. प्रत्येक वेळी तपशील बदलतो आणि आपण पाहतोय ते कुणाचं तरी म्हणणं आहे, हे प्रेक्षकाला कळत राहतं. त्या खुनासाठी शिक्षा भोगणारा रँडल अ‍ॅडम्स पुढच्याच वर्षी तुरुंगातून सुटला. तुमचा संथ गतीतला बूट कोणाला सोडवणार आहे? तो एकच बाजू दाखवतो, तीही सरकारी वकिलाची, आणि वर "असंच घडलं" असा आव!

मग यांना डॉक्युमेंटरीचा आद्य दिग्दर्शक फ्लाहर्टी आठवतो, 'त्यानेही बनवाबनवी केलीच की!' 1922 च्या 'नानूक ऑफ द नॉर्थ'मध्ये उजेड यावा म्हणून इग्लूची एक बाजू उघडी ठेवली होती, खरंय. पण तेव्हा या प्रकाराला धड नावही नव्हतं. तुम्हाला शंभर वर्षं मिळाली आहेत. 1958 च्या 'व्हाइट विल्डरनेस' या वन्यजीवपटात लेमिंग, म्हणजे उंदरासारखे छोटे प्राणी, बाहेरून आणून फिरत्या तबकडीवर पळवले, पाण्यात लोटले आणि त्याला सामूहिक आत्महत्या म्हटलं. ऑस्कर मिळालं. लेमिंग आत्महत्या करतात हे लोक अजून सांगत सुटतात. एका खोट्या शॉटचं आयुष्य एवढं असतं!

स्टुडिओत पिठाची पिशवी दाबून काढलेला बर्फावरच्या पावलांचा आवाज मात्र माफ. वन्यजीवपटात शेकडो फुटांवरून, दूरचं टिपणाऱ्या टेलिफोटो भिंगाने टिपलेल्या अस्वलाची पावलं कुठल्या माइकला ऐकू येणार?

लांबीला विरोध नाही. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावरचा 'शोआ' नऊ तासांहून मोठा आहे, जुन्या चित्रणाची एक फ्रेम नाही, आणि त्यातलं रेल्वेचं रिकामं वळणसुद्धा कापावंसं वाटत नाही. बास्केटबॉल खेळणाऱ्या दोन मुलांवरच्या 'हूप ड्रीम्स'वाल्यांनी सुमारे 250 तास चित्रित केलं आणि तीन तासांच्या आत आणलं. नाझी छळछावण्यांवर बोलायला फ्रेंच दिग्दर्शक अ‍ॅलन रेनेला 'नाइट अँड फॉग'मध्ये 32 मिनिटं पुरली. तुम्हाला एका बुटासाठी पाच तास लागतात?

आणि प्रेक्षकहो, तुम्हीही काही कमी नाही. फोन चाळत सहाही भाग चालू ठेवता, म्हणून सातवा येतो. पहिल्या वीस मिनिटांत नवी माहिती आली नाही तर बंद करा ना! आणि तुम्ही, बनवणाऱ्यांनो, नट वापरा, सेट लावा, पण कोपऱ्यात 'नाट्यरूपांतर' लिहा. वाचता येईल एवढ्या अक्षरांत, शॉट संपेपर्यंत. त्याला काय ड्रोन लागतो?