कान तपासून घ्या, काका

"काका, एक डाव कान तपासून घ्या ना तुमी."

मंगळवारी दुपारी भर दुकानात, चार गिऱ्हाइकांदेखत मला हे ऐकवण्यात आलं. ऐकवणारा पोट्टा माझ्या शाळेतून दहावी होऊन गेलेल्यांच्याच वयाचा असेल. आणि ऐकू मला अगदी स्वच्छ आलं. त्या दुकानात त्या दिवशी स्वच्छ ऐकू आलेली तेवढी एकच गोष्ट.

झालं असं की दिवाळीत 43 इंची टीव्ही घेतला. एवढ्याशा पातळ अंगात स्पीकर मावणार कुठे? हाणामारी साऱ्या आळीला जाते, पण माणसं बोलायला लागली की ती आपसात कुजबुजल्यासारखी. म्हणून होम थिएटर. बजेट पंधरा हजार. दोन महिने अभ्यास केला, शंभरपानी वहीत ओहम, डेसिबल सगळं उतरवून काढलं आणि दर्यापूर गाठलं.

पोट्ट्यानं पहिलंच खोकं पुढं ढकललं. "12,000 वॅट, काका!" मी वही उघडून विचारलं, "सेन्सिटिव्हिटी किती डेसिबल?" तो म्हणाला, "ते लाइनमनले विचारा लागते."

खरोखर 12,000 वॅटचं यंत्र म्हणजे पाच एचपीचे तीन मोटरपंप. माझ्या घरात तेवढी वीज आली असती तर मी गाणी ऐकत बसलो असतो का, गावाचं ओलित केलं असतं. ही सगळी पीएमपीओची, म्हणजे खोक्यावर छापायच्या क्षणभराच्या कमाल ताकदीची भानगड. ते मोजायची ठरलेली रीतच नाही. खोकं छापणाऱ्याच्या मनात येईल तो आकडा. हे मी समजावू पाहत होतो आणि पोट्टा मोबाइल पाहत होता.

बाजूच्या स्टुलावर एक आबाजी बसले होते. धोतर, टोपी, मांडीवर फवारणी पंपाची बॅटरी, लेकरू घेतल्यासारखी. तिचा चार्जर दुरुस्त होईस्तोवर त्यांना दुसरं काम नव्हतं.

"किती म्हनलं बे?"

"बारा हजार, आबाजी."

"आन हातात किती?"

"म्हंजे?"

"पाटीवरचा भाव बारा हजार. हातात किती येते, ते सांग ना."

दोन महिन्यांत मला आरएमएसची, म्हणजे यंत्र सतत देऊ शकतं त्या खऱ्या ताकदीची, याहून सोपी व्याख्या सापडली नव्हती. खोकं उलटं केलं. बुडाशी मुंगीएवढ्या अक्षरांत होतं: आरएमएस 60 वॅट.

"साठ," मी म्हणालो.

आबाजींना नवल वाटलं नाही. "सोयाबीनचा 2025 चा हमीभाव 5,328. मले हाती 4,100 पडले. वलावा जास्त हाय म्हने."

मी हसलो, ते हसले नाहीत. मग मलाही माझे घरी पडलेले वीस कट्टे आठवले. ओलावा 12 टक्क्यांच्या आत पाहिजे. उन्हात चार दिवस वाळवलेला माल नेला तरी व्यापाऱ्याच्या टेबलावरचं ते यंत्र चौदाच दाखवतं. त्या यंत्राला कोणी म्हणत नाही, एक डाव तपासून घ्या. कान मात्र माझे तपासायचे.

तर आबाजी उठले. बॅटरी स्टुलावर ठेवली आणि त्यांनी मांडलेल्या एकेका डब्ब्याला टरबुजासारख्या टिचक्या मारायला सुरुवात केली. टिचकी, कान, मान हलवणे. "हे टनटन करते, कच्चं हाय. हे बद्द वाजते, घ्याले हरकत नाई." मग दोन्ही हातांनी उचलून वजन. गंमत अशी, की माझ्या वहीत हेच लिहिलेलं होतं, फक्त दीड पानात: पातळ पेटी स्वतःच वाजते, जाड पेटी स्पीकरला वाजू देते.

"आता खंजिरीचं भजन लाव," त्यांनी हुकूम सोडला. आबाजी दर साली तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीला जाणारे. भजन लागलं. पोट्ट्यानं बेसचं बटन पार शेवटपर्यंत पिळलं. छातीत धाडधाड, वरचा पत्रा थरथर. "खंजिरीच्या चकत्या कुठी गेल्या रे?" आबाजींनी विचारलं. चकत्या खरोखरच गेल्या होत्या.

मग पोट्ट्यानं पाच स्पीकर आणि वूफरचा मोठा सेट जोडून सिनेमा लावला. मागून हेलिकॉप्टर, डावीकडून गोळीबार, आणि पडद्यावर नायिका ओठ हलवते आहे. मी म्हणालो, बोलणं ऐकू येत नाही. तेव्हा ते कानाचं वाक्य आलं. पंखा घ्यायला आलेलं नवराबायकोचं जोडपंसुद्धा हसलं. त्यांना काय गरज होती?

आबाजी काही बोलले नाहीत. गोठ्यात आजारी जनावराजवळ जावं तसे एकेका स्पीकरजवळ वाकले, कान लावला. मधल्यापाशी थांबले, पुन्हा लावला.

"हा तं मुका हाय बे."

मधला म्हणजे सेंटर. सिनेमातलं बोलणं बहुतेक सगळं त्याच्यातूनच येतं. मागं पाहिलं तर वायरच नाही! पोट्ट्यानं वायरचा तोडकामोडका एक तुकडा शोधला, दातानं सोलला, खुपसला, आणि नायिका दणदणीत आवाजात रडायला लागली. माफी वगैरे नाही. "वायर राहून गेलती," एवढंच, तेही नायिकेकडे पाहत.

"घरी मानसं किती, मास्तर?" आबाजींनी विचारलं.

"तीन."

"आन भोंगे सहा कायले?"

याला माझ्या वहीत उत्तर नव्हतं. उलट कुठल्याशा पानावर मीच लिहून ठेवलं होतं की पंधरा हजारांत सहा बरे मिळत नाहीत, दोन चांगले मिळतात. ते बद्द वाजणारे दोन घेतले, आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेले. बिलात वायरचे 120 रुपये वेगळे. वायर मोजताना पोट्ट्यानं नाकापासून पसरलेल्या हातापर्यंत सहा वेळा ताणली आणि सहा मीटर म्हणून सांगितली. नाक त्याचं, हात त्याचा, मीटरही त्याचाच.

घरी ती हातभर कमी पडली. डावा स्पीकर टीव्हीशेजारी नीट फळीवर आहे. उजवा फळीपर्यंत पोचत नाही, म्हणून सोयाबीनच्या कट्ट्यावर बसवलाय. आवाज बरा येतो. फक्त ही रोज विचारते, भाव चढला आणि कट्टे निघाले तर याला कुठं बसवणार. मी म्हटलं, तेवढी घाई नाही.