ट्रान्झिट म्हणे!

'ट्रान्झिट कंट्री', म्हणजे देश सोडून निघालेले स्थलांतरित वाटेत ज्यातून जातात तो मधला देश. हा शब्द ऐकला की मला वैताग येतो. जणू काय माणूस एअरपोर्टवर दोन तास टाइमपास करतोय, फ्लाइट लागली की निघाला. प्रत्यक्षात लिबियात, मेक्सिकोत, ट्युनिशियात लोक महिनोनमहिने, कितीतरी जण वर्षानुवर्षं अडकून पडतात, आणि तिथे त्यांचा कोणी वाली नसतो, कारण पुढचा देश घेत नाही आणि मधला म्हणतो तुम्ही काय, आज ना उद्या जाणारच.

अशा माणसाकडे लुटायला असतं काय? एक फोन नंबर. आधी पोचलेल्या भावाचा नाहीतर मागे राहिलेल्या आईचा. कोणी तो पाठ करतं, कोणी कपड्याच्या शिवणीत लपवतं. अपहरण करणारे आधी तोच मागतात, मग फोन लावून याला मारायचं, ओरडणं पलीकडे ऐकवायचं आणि पैशाचा आकडा सांगायचा. लिबियातही हेच, मेक्सिकोतही हेच. पोलिसात गेलो तर आपल्यालाच आत टाकतील ही भीती टोळ्यांना बरोबर ठाऊक असते. २०१० साली मेक्सिकोत सान फर्नांडोला ७२ स्थलांतरितांना एकाच ठिकाणी मारून टाकलं.

बरं, सरकारी कोठडी तरी सेफ? मार्च २०२३, मेक्सिकोतलं सिउदाद हुआरेस. स्थलांतरितांच्या डिटेन्शन सेंटरला आग लागली, ४० माणसं गेली. सीसीटीव्हीत दिसतं की धूर भरत चाललाय, गार्ड ये-जा करतायत आणि कोठडीचं दार कोणी उघडत नाही. मला तो व्हिडिओ पुरता बघवला नाही.

लगेच कोणीतरी म्हणेल, मग जातात कशाला मरायला. अरे, मागे जे आहे ते याहून भयंकर वाटतं म्हणून जातात, हौस नाही कोणाला.

आणि फक्त मधल्या देशांना शिव्या घालून भागत नाही हां. तुर्कस्तानने एकेकाळी ३५ लाखांवर सीरियन सांभाळलेत. खरा खेळ श्रीमंत देशांचा, त्यांना माणसं दारात यायला नको असतात, मग पैसे देऊन वाटेतच अडवून घ्यायची. २०१७ पासून इटली लिबियाच्या कोस्ट गार्डला मदत देते, ते समुद्रात बोटी पकडून लोकांना परत लिबियातल्याच कोठड्यांत नेतात, आणि लिबियाने १९५१ च्या निर्वासित करारावर सहीसुद्धा केलेली नाही!

लिबियाच्या दक्षिणेला लागून असलेल्या नायजरचं तर ऐकाच. तिथे २०१५ साली, युरोपच्या आग्रहाने, स्थलांतरितांना गाडीतून नेणं गुन्हा ठरवणारा कायदा आला. वाळवंटाच्या तोंडाशी असलेल्या अगादेझ शहरातले ड्रायव्हर पकडले, गाड्या जप्त केल्या. जाणारे थांबले का? नाही, गाड्या फक्त नेहमीचा रस्ता सोडून आडवाटेने जायला लागल्या, जिथे विहिरी नाहीत, आणि गस्तीची चाहूल लागली की ड्रायव्हर लोकांना वाळवंटात सोडून पसार. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या लष्करी राजवटीने तो कायदा रद्द केला. आता पिकअप पुन्हा उघडपणे निघतात, मागे पंचवीस-तीस माणसं, कडेला बसलेल्यांनी पडू नये म्हणून पायांत एकेक दांडका घट्ट धरलेला.