ज्याचं चोरीला गेलं तो पिक्चरमध्ये कुठंय?

काल रात्री 'ड्युप्लिसिटी' परत बघितला, २००९ चा, टोनी गिलरॉयचा. ज्युलिया रॉबर्ट्स आणि क्लाइव्ह ओवेन दोघंही आधीचे सरकारी हेर, आता शाम्पू-क्रीमवाल्या दोन कंपन्यांच्या भांडणात एकमेकांना फसवत फिरतात. सुरुवात तर कमालच, दोन कंपन्यांचे बडे साहेब विमानतळावर आपापल्या माणसांसमोर एकमेकांच्या अंगावर धावून जातात, तेही स्लो मोशनमध्ये. पिक्चर मस्तच आहे, पण संपल्यावर मला झोपच येईना, कारण धंद्यातल्या हेरगिरीचे जेवढे पिक्चर मी बघितलेत त्यातल्या बहुतेकांत कॅमेरा चोराच्या मागेमागे पळतो आणि ज्याचं चोरीला गेलं त्याच्या घरात कोणी डोकावतसुद्धा नाही.

'इन्सेप्शन'च घ्या ना. सगळे स्वप्नांचा पिक्चर म्हणून बोलतात, पण मुळात काय आहे तो? एका उद्योगपतीला समोरच्याची कंपनी मोडायचीय, म्हणून बाप नुकताच गेलेल्या पोराच्या डोक्यात शिरायचं आणि बापाबद्दलच्या त्याच्या भावनांशी खेळायचं. आणि आपण सगळे डोक्यात शिरणाऱ्या चोराच्या, कॉबच्या बाजूने. त्या बिचाऱ्या पोराला, फिशरला, कळतसुद्धा नाही आपल्यासोबत काय झालं ते.

मला हे एवढं लागतं कारण आमच्या घरात हे झालंय. दादाचं नाशिकच्या अंबड एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन), दोन जुनी मिलिंग मशिनं, चार माणसं. कोटेशन आणि कॅडचं, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं काम मी बघतो. काही वर्षांपूर्वी एका पार्टीने ड्रिलिंग फिक्स्चरसाठी बोलावलं, म्हणजे भोकं पाडताना पार्ट घट्ट पकडून ठेवणारी चौकट. त्यांचं कास्टिंग, म्हणजे ओतीव पार्ट, असं वेडंवाकडं की क्लॅम्प कुठे मारायचा तेच कळेना. दादा आठ-दहा दिवस रात्री जेवण झालं की परत शेडवर जायचा, पुठ्ठा कापून मॉडेल करायचा, मोडायचा, परत करायचा, आणि शेवटी त्याने खालून वर येणारा असा क्लॅम्प काढला की आमचा जुना फिटर पण बघत राहिला. तिकडचे साहेब म्हणाले, "कोटेशनसोबत डिटेल ड्रॉइंग पाठवा, अप्रूव्हल लवकर होईल." पाठवलं. मग आज देतो उद्या देतो, मग बजेट नाही, मग फोन उचलणंच बंद.

पाचेक महिन्यांनी दादा दुसऱ्या कामासाठी एका ओळखीच्याच शेडवर गेला तर तिथे टेबलावर आमचं फिक्स्चर. आमचंच कशावरून? बेस प्लेटच्या कोपऱ्यात ८ एमएमचं एक भोक होतं. पहिल्या डिझाइनमध्ये तिथे डॉवेल, म्हणजे जागा पक्की धरणारी पिन, होता, नंतर डिझाइन बदललं, डॉवेल गेला, पण ड्रॉइंगमधून ते भोक काढायचं माझ्याकडून राहून गेलं. त्या भोकाला काहीही काम नाही. आणि ते तिथे होतं, व्यवस्थित रीमर मारून गुळगुळीत केलेलं, काठाच्या तिरप्या कापासकट (चॅम्फर). त्या शेडवाल्याची काही चूक नाही, त्याला ड्रॉइंग आलं, पीओ म्हणजे लेखी ऑर्डर आली, त्याने बनवलं. दादा घरी आला, जेवला नाही, वहिनीला म्हणाला ॲसिडिटी झालीय. मला रात्री साडेअकराला फोन केला, "ते कोपऱ्यातलं भोक आपलंच ना रे?" बास, एवढंच बोलला.

ह्यात काचेच्या बिल्डिंगवरून दोरीने कोणी उतरलं नाही की कोणाचा पासवर्ड फोडला नाही. एक ईमेल, तोही आम्हीच पाठवलेला.

म्हणून मला कॉपोलाचा 'द कॉन्व्हर्सेशन' सगळ्यात जवळचा वाटतो, १९७४ चा. जीन हॅकमन एका मोठ्या कंपनीच्या डायरेक्टरसाठी एका जोडप्याचं बोलणं चोरून रेकॉर्ड करतो. आपण टेप द्यायची, पुढचं आपल्याला काय करायचंय, असा त्याचा खाक्या. पण तेच तेच वाक्य परत परत ऐकताना त्याला कळायला लागतं की आपल्या कामामुळे कोणाचातरी जीव जाऊ शकतो, आणि शेवटी तो स्वतःच्याच घराची जमीन उखडून मायक्रोफोन शोधत बसतो. तो सीन मी तीन-चारदा बघितलाय. जपानी 'ब्लॅक टेस्ट कार' पण बघाच, १९६२ चा, मासुमुराचा. समोरच्या कंपनीने नव्या गाडीची किंमत काय ठेवलीय ते कळावं म्हणून त्यातला तरुण आपल्या प्रेयसीलाच तिथल्या साहेबाकडे पाठवतो. पुढे तिच्या चेहऱ्याकडे बघवत नाही हो.

आपल्याकडे २००६ मध्ये मधुर भांडारकरचा 'कॉर्पोरेट' आला, कोल्ड्रिंकच्या धंद्यावरचा. आणि त्याच वर्षी अमेरिकेत खरंच घडलं, कोका-कोलाच्या ऑफिसातल्या सेक्रेटरीने गुप्त कागद आणि नव्या पेयाचा नमुना बाहेर काढला, साथीदाराने पेप्सीला पत्र लिहिलं की विकत घ्या, आणि पेप्सीने ते पत्र सरळ कोकला देऊन टाकलं. एफबीआयचा माणूस गिऱ्हाईक बनून गेला, ३० हजार डॉलर बिस्किटांच्या खोक्यात भरून दिले, तिला पुढे ८ वर्षांची शिक्षा झाली. मला ह्या सगळ्यात ते पत्र उघडून 'हे आपल्याला नको' म्हणणारा पेप्सीतला माणूस बघायचाय. त्याच्यावर पिक्चर काढा ना कोणीतरी.

आमच्या प्रकरणानंतर मी कायदा पण वाचून काढला. ट्रेड सिक्रेटसाठी, म्हणजे धंद्यातल्या गुपितांसाठी, वेगळा कायदा करा असं विधी आयोगाने मार्च २०२४ च्या २८९ व्या अहवालात सांगितलंय. आणि त्याच्या कितीतरी आधी, १९८७ मध्ये, दिल्ली हायकोर्टात एक केस झाली होती, जनावरांसाठी हिरवा चारा उगवायच्या युनिटची. युनिटवाल्याने पॅनेल बनवून घ्यायला म्हणून दुसऱ्या कंपनीला ड्रॉइंग दाखवली, ऑर्डर काही दिली गेली नाही, आणि त्या कंपनीने तसलंच युनिट स्वतः बाजारात आणलं. कोर्टाने तिला मनाई केली, विश्वासाने दिलेली माहिती अशी वापरता येणार नाही म्हणून. वाचताना माझे डोळे भरून आले, अगदी आमचीच गोष्ट. पळत जाऊन दादाला दाखवलं. त्याने शांतपणे सगळं वाचलं आणि म्हणाला, "तारखांना मी गेलो तर मशीनवर कोण उभं राहणार?"

आता तो कोटेशनसोबत फक्त बाहेरचा आकार आणि मापं पाठवतो, आतलं सगळं पीओ आल्यावर. त्या फिक्स्चरची फाइल मात्र अजून तशीच आहे. मागच्या आठवड्यात जुनं फोल्डर साफ करताना मी ते भोक डिलीट करायला घेतलं तर दादा मागून म्हणाला, "ते राहू दे. ओळख आहे ती आपली."