लेख ‘पाडणाऱ्या’ ताईंचं उत्तर

श्री. अनामिक,

पोलिश भाषेवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली. रागात लिहिलेलं सकाळी पुसावं लागतं म्हणून थांबले. सकाळचा चहा झाला, राग आहे तिथेच आहे.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं इथे देते (मासुरियन, लेम्को, काशुबियन हे पोलंडमधले छोटे समाज): ‘ताई, पोलिश भाषा चर्चने तगवली हा तुमचा सिद्धांत मासुरियन लोकांपाशीच कोसळतो. लेम्को, काशुबियन यांचा पत्ताच नाही. व्झेश्न्याचा शाळासंप 1902 चा नव्हे, 1901 चा. विकिपीडिया चाळून असे लेख पाडू नयेत.’

आधी चूक मान्य करते. जर्मनमधून धर्माचा पाठ म्हणायला नकार दिला म्हणून जर्मन अमलाखालच्या व्झेश्न्या गावातल्या पोलिश पोरांनी छड्या खाल्ल्या, ते वर्ष 1901. माझ्याकडून 1902 पडलं. झालं समाधान?

आता ‘पाडू नयेत’बद्दल. आंबे पाडतात, चिंचा पाडतात, लेख लिहितात. मला पोलिश लोक विकिपीडियावर भेटले नाहीत. मी कोल्हापूरची. वळिवड्याला 1943 ते 1948 पोलिश निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएतांनी घरादारातून उचललेली माणसं, इराणमार्गे इथवर आलेली, बहुतेक बायका आणि पोरं. माझी आजी आईबरोबर तिथे भाजी विकायला जायची. ती ‘जेन दोब्री’ (पोलिशमधला नमस्कार) शेवटपर्यंत म्हणायची, आणि कोबी तोलताना शेजारच्या चर्चमधून येणारं गाणं कसं असायचं तेही गुणगुणून दाखवायची. शब्द एकही कळत नव्हता तिला. देश नकाशावरून दुसऱ्यांदा गेल्यासारखा, घर सायबेरियाच्या वाटेवर सुटलेलं, आणि पंचगंगेकाठी त्या बायका काय जपत होत्या? बसा शोधत विकिपीडियावर.

पुढे मी स्वतः चार वर्षं पश्चिम पोलंडमधल्या व्रोत्सवाफमध्ये काढली. घरमालकीणबाईंचे वडील ल्वूफचे (आताच्या युक्रेनमधलं शहर), रोमन कॅथलिक. आई लेम्को, ग्रीक कॅथलिक. 1947 साली पोलिश सैन्याने गावंच्या गावं उठवून पश्चिमेला फेकली, त्यातली. (तर लेम्को मला माहीत आहेत, धन्यवाद. लेखात आले नाहीत कारण लेख त्यांच्यावर नव्हता.) त्या घरात नाताळ दोनदा व्हायचा. 24 डिसेंबरला टेबलक्लॉथखाली मूठभर वाळलेलं गवत, एक ताट न आलेल्या पाहुण्यासाठी रिकामं, आणि गहू, खसखस, मध घालून केलेली कुत्या. हसू नका, नाव तेच आहे. मग 6 जानेवारीच्या संध्याकाळी आईकडचा नाताळ. आईचं प्रार्थनेचं पुस्तक सिरिलिक लिपीतलं. बाईंना त्यातलं अक्षर लागत नव्हतं, पण पुस्तक मांडीवर उघडं ठेवून त्या घडाघडा म्हणायच्या. पानं मात्र चुकीच्या जागी उलटायच्या. भाषा कुठे तगते हे मी त्या मांडीवर पाहिलंय.

राहिले मासुरियन. बोलायचे पोलिशची बोली, 1525 पासून लुथेरन (म्हणजे प्रोटेस्टंट; बाकीचे पोलिश बहुतेक कॅथलिक), आणि 11 जुलै 1920 च्या सार्वमतात त्यांनी पोलंडला नाकारून जर्मनीच्या पूर्व प्रशियाला भरभरून मतं दिली. बरोबर. पण यातून माझंच म्हणणं सिद्ध होतं की! भाषा तीच, धर्म वेगळा, म्हणून वाट वेगळी. त्यांची पोलिश भजनाची पुस्तकंसुद्धा जर्मन वळणाच्या गॉथिक टायपात छापलेली असायची. आता तुम्ही म्हणाल की ‘लेखात तुम्ही भाषा टिकण्याबद्दल बोलत होता, ओळखीबद्दल नाही.’ ते दोन वेगळे करता येतात असं वाटणाऱ्याशी मी काय बोलणार?

काशुबियनांवर कधीतरी लिहीन. तुम्ही सांगितलंत म्हणून नाही.

आणि मला ‘ताई’ म्हणायचं असेल तर स्वतःचं नाव तरी लावा. अनामिक भावाला ओवाळायची आमच्याकडे पद्धत नाही. 1902 चं 1901 केलं आहे.