काट्यानं काटा काढावा

दिवाळी झाली, साखर कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडली, आता तुमचंही ट्रॅक्टर उसाला लागणार. ट्रॉल्या दोन जोडल्याच असतील. एक ट्रॉली ओढणाऱ्याला बीड-धाराशिवाकडं मुकादमसुद्धा ओळख देत नाही.

ट्रॉलीच्या आरसी बुकात भरलेल्या वजनाचा एक आकडा असतो. तो पत्रिकेतल्या गुणांसारखा समजा. लग्न जमेपर्यंत बघायचा, पुढं कोण उघडून बघतंय? भाडं टनावर मिळतं, डिझेल खेपेवर जातं. एवढं गणित कळणाऱ्याला बाकीची आकडेमोड लागत नाही. फाळक्याच्या वर माल निघाला म्हणून थांबू नका. ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होऊन चढाला उचलायला लागली, म्हणजे भरती झाली. तरीही दोन मोळ्या घ्याच. टोळीतली बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून वर आलेली असते, तिला माघारी कुठं पाठवता?

ब्रेकची काळजी करू नका. ट्रॉलीला नसतातच, त्यामुळे फेल व्हायचा प्रश्न येत नाही. मांजरसुंब्याच्या घाटात उताराला मागचा माल ट्रॅक्टरला पुढं रेटतो. त्याला डिझेलची बचत म्हणायचं. चढाला दम लागला तर चाकाखाली धोंडा लावा, आणि निघताना तो रस्त्यातच ठेवा. रात्री मोटारसायकलवरून येणाऱ्या कुणाला तरी सापडेल.

रस्त्याचंही मनाला लावून घेऊ नका. ॲक्सलवरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज साधारण सोळापट होते, असं इंजिनियर मंडळी सांगतात. आपल्याकडं खाली काळी माती, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. रस्ता उखडायचाच आहे. तुम्ही फक्त हातभार लावता.

आता आरटीओ. साहेबांनी हात केला तर आधी नेहमीचं म्हणून बघा: ‘‘साहेब, शेतकऱ्याचा माल हाय, फडातच वाळून चाललाय. तुम्ही सोडेपर्यंत टनभर आपोआप कमी होतंय बगा.’’ हे खरंही आहे, ऊस वाळला की वजन घटतं. साहेब विरघळले नाहीत तर मोटार वाहन कायदा काढा. २०१९ च्या दुरुस्तीआधी जादा वजनाला २,००० रुपये आणि वरच्या टनामागं हजार असा दंड होता. आता २०,००० आणि वरच्या टनामागं २,०००. शिवाय जादा माल तिथंच उतरवायचा, उतरवायची मजुरी तुमची. आणि वजनकाट्यावर जायलाच नाही म्हणालात, किंवा काट्याआधी माल कमी केलात, तर सरसकट ४०,०००.

जरा बोटं मोजा. दहा टन जादा असेल तर काट्यावर गेलं काय आणि नाही म्हटलं काय, ४०,००० च. अकराव्या टनापासून मात्र नाही म्हणणं टनामागं दोन हजारांनी स्वस्त. म्हणजे थोडा जादा माल भरणारा बुडतो, छाती काढून भरणाऱ्याला सूट मिळते. पळून जावंसं वाटेल. जा की. बावीस टन ऊस मागं घेऊन, ताशी वीसच्या वेगानं, टेपवर गाणं लावून, साहेबांच्या जीपपुढं पळा.

त्यापेक्षा कायदा नीट वाचा. वजनाला नेण्यासाठी काटा पुढच्या वाटेवर दहा किलोमीटरच्या आत लागतो, नाहीतर मुक्कामापासून वीस किलोमीटरच्या आत. आपला मुक्काम कुठला? साखर कारखाना. त्याच्या तर दारातच काटा. साहेबांना हात जोडून सांगा, ‘‘चला, तिथंच करू वजन.’’ भिऊ नका. गावात पारावर बसून आपणच वर्षानुवर्षं सांगत आलोय की तो काटा खेपेमागं दोन-चार टन सहज गिळतो. इथं शिवी खाणारा काटा तिथं तुमचा वकील होतो. तो जे दाखवेल ते खरं धरलं, तर मराठवाड्यातला जादा वजनाचा निम्मा गुन्हा जागच्या जागी मिटेल.

एक पथ्य तेवढं पाळा. ऊसही तुमचाच, ट्रॅक्टरही तुमचंच. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के साखर उताऱ्यामागं टनाला ३,५५० रुपये एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर. काट्यावर अठरा टन दिसले आणि चार टन गेले, की डोक्यात १४,२०० रुपयांचा हिशेब फिरणार आणि तुम्ही ओरडणार, ‘‘अहो मालक, ह्या दोन ट्रॉल्यांत बावीस टनाच्या खाली आजवर कधी भरलंच नाही!’’

ओरडायचं खुशाल. आधी फक्त मागं वळून बघा, साहेबांची जीप गेली का.